डोंगर कोणाच्या नावावर

माझे माहेर डिचोली तालुक्यातले, सासर सत्तरीतले. एस.टी.ने गेले तर तासाभराची वाट. पण माहेरचे डोंगर कापून बार्जमध्ये भरले गेले आणि मुरगाव बंदरातून परदेशी गेले. सासरचे अजून जागच्या जागी आहेत. हा फरक कसा पडला, हे समजून घ्यायला मी राजपत्रे आणि निकालपत्रे वाचू लागले. शाळेत इतिहास शिकवणारीला कागद वाचायची सवय असतेच.

सुरुवात पोर्तुगीजांपासून करावी लागते. 1906 च्या त्यांच्या हुकुमाने खाणींची कन्सेशने दिली जाऊ लागली आणि ती बेमुदत होती. नियम पाळले, कर भरला की डोंगराच्या पोटातले खनिज पिढ्यानपिढ्या त्या घराण्याचे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलादासाठी लोहखनिज हवे झाले आणि डिचोली, सांगेतल्या डोंगरांना भाव आला. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. 1957 चा भारतीय खनिज कायदा इथे 1 ऑक्टोबर 1963 पासून लागू झाला. त्या कायद्यात बेमुदत काही नसते, मुदतीचा पट्टा असतो. तरी जुनी कन्सेशने चालूच राहिली. अखेर 1987 मध्ये संसदेने कायदा करून ती रद्द केली आणि 20 डिसेंबर 1961 पासून ते खाणपट्टेच होते असे मानले.

हा कायदा मी पुन्हापुन्हा वाचला. खाण कोणाची, पट्टा कधीपासून, सरकारचे देणे किती, सगळे त्यात आहे. झरीचे पाणी, वायंगण शेती, रान यांबद्दल एक ओळ नाही.

ती ओळ का हवी होती, हे माझ्या वडिलांचे शेत पाहिलेल्याला सांगावे लागणार नाही. इथे एक टन खनिज काढायला दोन-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. ती डोंगराच्या उतारावर ढीग करून ठेवत. मृगाचा पाऊस लागला की ती ओहोळातून खाली येई. आधी पाटाचे पाणी तांबडे होई, मग शेतात वीतभर चिखल बसे. उन्हात तो सुके, फुटे, आणि खाली पेरलेले भात बाहेर येतच नसे. नांगर घातला तर ढेकळे विटेसारखी निघत. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की तिथले पाणी रात्रंदिवस उपसत, आणि चैत्र लागायच्या आधीच आमच्या विहिरीचा तळ दिसे. वर्षाकाठी नुकसानभरपाई मिळे. वडील सही करून पैसे घेत आणि त्या दिवशी कोणाशी बोलत नसत.

सत्तरीतही कन्सेशने होतीच. म्हादई कर्नाटकातून घाट उतरून आमच्या तालुक्यात येते आणि पुढे मांडवी होते. निम्मा गोवा या खोऱ्याच्या पाण्यावर जगतो. इथे वाघाला देव मानून पूजतात, देवराईत कुऱ्हाड नेत नाहीत. पण देवराईची आण यंत्राला बांधत नाही. त्याला कायदाच लागतो.

तो 1999 मध्ये लागला. फेब्रुवारी ते जून गोव्यात राष्ट्रपती राजवट होती आणि राज्यपाल होते लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब, 1971 साली ढाक्यातल्या शरणागतीच्या वाटाघाटी करणारे. त्यांच्या कारकिर्दीत 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये जाहीर झाली. एक 208 चौरस किलोमीटर, दुसरे 211. सारा गोवा 3,702 चौरस किलोमीटरचा. त्यातला नववा हिस्सा एका उन्हाळ्यात राखला गेला. आमदार-मंत्र्यांचे सरकार असते तर हे झाले असते असे मला वाटत नाही, आणि लोकशाही शिकवणाऱ्या बाईला हे लिहिताना फार वाईट वाटते.

बाकी ठिकाणी खणणे वाढतच गेले. चीनची मागणी आली तेव्हा 2010-11 या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून जास्त खनिज गेले. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला आणि 2012 मध्ये खाणी थांबल्या. मग 21 एप्रिल 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेची याचिका होती. न्यायालयाने 1987 च्याच कायद्याचा हिशेब मांडला: पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 1987 ला संपली, एकदाच मिळणारी वाढीव वीस वर्षे 22 नोव्हेंबर 2007 ला. त्यानंतर काढलेले सगळे बेकायदा. अभयारण्यांच्या सीमेपासून एक किलोमीटरपर्यंत खाण नको, पट्ट्याबाहेर मातीचे ढीग नकोत, हेही त्यातच आले. सरकारने तरी पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले. 88 पट्टे न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये रद्द केले.

एवढे सांगून थांबले तर मी सासरच्या माणसांशी खोटे बोलेन. वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्य जाहीर केल्यावर जिल्हाधिकाऱ्याने लोकांचे हक्क तपासून ठरवायचे असतात. आमच्याकडे ते वर्षानुवर्षे लोंबकळले. काजूची बाग, नाचणीची शेती, गुरांची वाट, आपले काय राहील हे कोणी सांगेना, आणि राग रानावर निघाला. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषप्रयोग झाला होता. माझ्या वर्गातली मुले त्याच भागातली. त्यांना मी काय बोलणार होते? खाण अडवणारा कायदा मला प्राणापलीकडे मोलाचा आहे, म्हणूनच त्याचे हे अर्धे काम पडून राहिलेले मला सहन होत नाही.

24 जुलै 2023 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने दोन्ही आदेश एकत्र दिले: तीन महिन्यांत म्हादईचा व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा, आणि बारा महिन्यांत आदिवासी व वननिवासींचे दावे निकाली काढा. राज्य सरकार या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. दाव्यांचे अर्ज भरायला मात्र कोणत्याही स्थगितीची वा निकालाची वाट पाहायचे कारण नाही, असे मी गावात सगळ्यांना सांगते, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज शाळा सुटल्यावर लिहून देते.