निपाणकर देसाई, जेफर्सन आणि हेळव्याची वही

वाचनालयाच्या शताब्दी ग्रंथासाठी आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या घराण्यावर लेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा मी ती आनंदाने स्वीकारली. विषय सोपा वाटला होता. निपाणी भागात जुने घराणे म्हटले की निपाणकर देसायांचे नावच प्रथम ओठांवर येते. वाडा डोळ्यांसमोर आहे. वाचनालयाच्या कपाटात ग्रँट डफ आहे, मुंबई सरकारने १८८४ साली छापलेले बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटिअर आहे. टिपणे काढावीत, सनावळी जुळवावी आणि लेख द्यावा, असा माझा बेत होता. परंतु काम सुरू केल्यावर काही दिवसांतच ध्यानात आले की, घराण्याचा शोध म्हणून ज्याला आपण एक विषय समजतो ते वस्तुतः दोन विषय आहेत. आणि त्यांपैकी एकच ग्रंथालयाच्या कपाटात सापडतो.

प्रथम कपाटातला विषय घेऊ. सिद्धोजीराव निंबाळकर, दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीतील सरलष्कर, हे या घराण्यातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष. त्यांचा माग काढू पाहणाऱ्याला पहिली अडचण येते ती नावाचीच. घरातील कागदांत ते सिद्धोजीराव, दक्षिणेतील लोकांच्या तोंडी अप्पा देसाई आणि ग्रँट डफसारख्या इतिहासकारांच्या लेखी निपाणकर. एका नावाची सूची चाळणाऱ्याला उरलेल्या दोन नावांखाली काय दडले आहे, याची कल्पनाही येत नाही. १८०३ साली बाजीरावाला पुन्हा गादीवर बसविण्यासाठी आर्थर वेल्स्ली म्हैसूरच्या सरहद्दीवरून पुण्याकडे निघाला, तेव्हा वाटेत त्याला येऊन मिळालेल्या दक्षिणी सरदारांत बापू गोखल्यांच्या जोडीने हे अप्पा देसाई होते. पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणाऱ्या सेनापतीच्या पत्रव्यवहारात आपल्या गावच्या देसायांचे नाव पुनःपुन्हा येते. ते इंग्रजी कानांनी ऐकले तसे लिहिलेले आहे, म्हणून ओळखायला वेळ लागतो इतकेच.

आडनावाचीही तीच कथा. निंबाळकर म्हटले की बोट फलटणकडे जाते, आणि हौशी संशोधक तेवढ्यावरून फलटणच्या वंशवृक्षाला निपाणीची फांदी चिकटवून मोकळा होतो. आडनाव ही फार तर वाट दाखविणारी पाटी झाली, मुक्काम नव्हे. बापाचे नाव, वतनाचे गाव आणि सनद या तिन्हींचा मेळ बसल्याविना एकही पिढी वर सरकू नये, असा माझ्यापुरता मी नियम केला आहे.

निपाणकरांविषयी इतके कागद का टिकले, याचे उत्तर शोधू लागलो तर ते तंट्यात सापडते. चिकोडी आणि मनोळी, म्हणजे आजचे मुनवळ्ळी, या तालुक्यांवरून कोल्हापूरकर छत्रपती आणि निपाणकर यांच्यात दीर्घकाळ झगडा चालला. १८१७-१८ च्या युद्धात कोल्हापूरने इंग्रजांची बाजू घेतली. त्याचे बक्षीस म्हणून हे तालुके कोल्हापूरला मिळाले आणि दहाएक वर्षांत इंग्रजांनी ते परतही घेतले. प्रत्येक फेऱ्यात याद्या, तहनामे, अर्ज आणि उत्तरे यांची भर पडली. १८३९ साली सिद्धोजीराव वारले. औरस वारस नसल्याने सरकारने संस्थान खालसा केले. १८४१ साली निपाणीच्या किल्ल्यात बंड झाले आणि ते मोडण्यासाठी इंग्रजांची फौज आली. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि दक्षिण महाराष्ट्रातील प्रत्येक इनामदाराला, वतनदाराला आपण कोणाचे कोण, हे सिद्ध करण्याची पाळी आली. आज ज्यांना आपण जुन्या वंशावळी म्हणून जपतो त्यांतील कितीतरी अशा चौकशांसाठी लिहिलेल्या आहेत. तो एका पक्षाने दिलेला पुरावा आहे, हे वाचणाराने विसरू नये. ज्या भावाचा हक्क मान्य करायचा नव्हता तो तीत निपुत्रिक मेलेला असतो; किंवा मुळात जन्मलेलाच नसतो. परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या मुंबईच्या कायद्याने रद्द झाली आणि वंशावळ लिहून ठेवण्याचे ते कारणही संपले.

ज्याच्याविषयी भांडण झाले त्याचा कागद झाला. ज्याने मुकाट्याने नांगर धरला त्याचा झाला नाही. अक्कोळ, गळतगा, भोज, सौंदलगा, खडकलाट या गावांतील काळ्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुळांची नावे देसायांच्या दप्तरात शोधली, तर ती वसुलाच्या आकड्याच्या डाव्या बाजूला, एका शब्दापुरती येतात. तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा जण बळी पडले, तेव्हा या रानांतील माणसांची नावे सरकारी कागदावर ठळकपणे आली. तीही तंट्यामुळेच.

तंबाखूचा विषय निघालाच आहे, तर थोडे दूर जाऊन येणे मला भाग आहे. हे पीक मूळचे अमेरिकेतले आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते आपल्याकडे आले, हे सर्वश्रुत आहे. अकबराचा वकील असद बेग आदिलशाही दरबाराहून १६०४-०५ च्या सुमारास परतला तो तंबाखू घेऊनच, आणि आपण विजापुरात ती प्रथम पाहिली असे त्याने नमूद केले आहे. इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत जॉन रॉल्फने तंबाखूची यशस्वी लागवड सुरू केली ती १६१२ साली. म्हणजे तेथील मळेवाले श्रीमंत होण्यापूर्वीच विजापूरच्या दरबारात तिचा धूर निघत होता.

या व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांच्या घराण्यांचा शोध घेण्याचा छंद अमेरिकेत फार मोठा आहे. परगण्याच्या कचेरीतील खरेदीखते, मृत्युपत्रे, चर्चमधील जन्मनोंदी यांवर तेथील शेकडो ग्रंथ उभे आहेत. उदाहरणादाखल थॉमस जेफर्सनचे घराणे घेतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा आणि तिसरा राष्ट्राध्यक्ष, म्हणून त्याला आपण ओळखतो. पण तो तंबाखूच्या मळेवाल्याचा मुलगा आणि स्वतः मळेवाला होता. ग्रंथालयाच्या वाचकांना आणखी एक नाते सांगण्याजोगे आहे. १८१४ साली इंग्रजी फौजेने वॉशिंग्टन जाळले, त्यात तेथील काँग्रेसचे ग्रंथालयही गेले. तेव्हा जेफर्सनने आपला ६,४८७ ग्रंथांचा संग्रह २३,९५० डॉलरना सरकारला विकला, आणि त्यावर आजचे ते जगप्रसिद्ध ग्रंथालय उभे राहिले. उतारवयात त्याने आत्मचरित्र लिहायला घेतले, त्यात वडिलांचे पूर्वज वेल्समधून आल्याची घरातील समजूत सांगितली आणि आईकडचे रँडॉल्फ घराणे आपली वंशावळ इंग्लंड-स्कॉटलंडात फार मागे नेते, त्यावर ज्याने त्याने हवा तितका विश्वास ठेवावा, अशा अर्थाची मल्लिनाथी केली. आपल्याकडच्या कुलवृत्तान्तांच्या प्रस्तावनांत इतका मोकळेपणा मला क्वचितच भेटला.

परंतु या गृहस्थाच्या घराण्याची खरी कथा आत्मचरित्रात नाही. ती त्याच्या शेताच्या वहीत आहे. १७७३ साली सासरे जॉन वेल्स वारले. त्यांच्या मागे जेफर्सनकडे सुमारे ११,००० एकर जमीन आणि १३५ गुलाम आले. सोबत कर्जही आले. कोणत्या गुलामाला किती कापड, किती घोंगड्या, किती मासळी दिली, कोणाला मूल केव्हा झाले, हे तो स्वतःच्या हाताने टिपून ठेवी. त्यांत सॅली हेमिंग्ज नावाची एक स्त्री आहे. तिच्या मुलांचे जन्म नोंदलेले आहेत. बाप नोंदलेला नाही. ती मुले जेफर्सनचीच, अशी कुजबुज त्याच्या हयातीतच होती. त्यांपैकी मॅडिसन हेमिंग्जने १८७३ साली ओहायोतील एका वृत्तपत्रात आपली हकीगत स्पष्ट सांगितली, आणि आपली आई ही जॉन वेल्सचीच मुलगी, म्हणजे जेफर्सनच्या पत्नीची सावत्र बहीण, असेही सांगितले. जेफर्सनच्या नातवंडांनी मुलांविषयीचा आरोप एका पुतण्यावर, म्हणजे बहिणीच्या मुलावर, ढकलला. बहुतेक इतिहासकारांनी त्या मळेवाल्याच्या नातवंडांवर विश्वास ठेवला. गुलामाच्या मुलावर ठेवला नाही. १९९८ साली दोन्हीकडच्या वंशजांच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली. धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशात जेफर्सन घराण्याची पुरुषपरंपरा निघाली आणि पुतण्याची गोष्ट त्याच्यापुरती खोटी ठरली. तपासणीने घराणे सांगितले, व्यक्ती नव्हे. ती ठरायला मदत झाली ती मालकाच्याच टिपणांची. सॅलीच्या प्रत्येक मुलाच्या जन्माआधी नऊ महिने जेफर्सन घरी होता, हे त्याच्याच वह्या सांगतात. सव्वाशे वर्षे जी हकीगत घरगुती बढाई म्हणून बाजूला सारली गेली ती आज जवळजवळ सर्व अभ्यासकांना मान्य आहे. जेफर्सन १८२६ साली लाखाहून अधिक डॉलरच्या कर्जात मेला, आणि पुढच्याच जानेवारीत त्याच्या घराच्या अंगणात सुमारे १३० माणसांचा लिलाव झाला. त्या माणसांच्या वंशजांना आपला पूर्वज शोधायचा तर त्याच मालकाची वही उघडावी लागते.

आपले कूळ म्हणजे तेथील गुलाम नव्हे, आणि आपला देसाई म्हणजे तेथील मळेवाला नव्हे. ही तुलना ताणून धरण्याची माझी इच्छा नाही. मला त्यातून एवढेच जाणवले की, राबणाऱ्या माणसाने तोंडी जपलेली परंपरा दुर्लक्षिण्याजोगी नसते. आणि अशी परंपरा जपणारा मनुष्य तर आपल्या दारात दर दोन-तीन वर्षांनी येतच असतो. तो म्हणजे हेळवी.

नव्या पिढीतील वाचकांसाठी सांगतो. सुगी आटोपली की सजविलेल्या बैलावर बसून, घंटा वाजवीत हेळवी गावात येतो. कानडीत हेळव म्हणजे पांगळा. पांगळ्याला बसायला बैल मिळाला आणि त्याबदल्यात लोकांची कुळे सांगत फिरण्याचे काम मिळाले, अशी आख्यायिका आहे. प्रत्येक हेळव्याची घरे वाटून दिलेली असतात. दुसऱ्याच्या घरी तो पाऊल टाकीत नाही. मराठा असो, लिंगायत असो वा जैन, तो अंगणात घोंगडे टाकून बसतो आणि मूळ गाव कोणते, ते का सोडले, कोणत्या गावी किती भाऊ पांगले, कोणाला किती मुलगे, हे एका लयीत म्हणून दाखवितो. पूर्वी हे तांब्याच्या पत्र्यांवर असे. नंतर वह्यांत, कोठे मोडीत तर कोठे कानडीत. घरचे लोक धान्य, कापड, ऐपत असेल तर एखादे वासरू देतात, आणि नवा जन्म वहीत चढतो. मराठी आणि कानडी या भेदाने आपला हा मुलूख गेली कित्येक दशके तापलेला असताना, हेळव्याला एकाच दुपारी एका दारात मराठी आणि शेजारच्या दारात कानडी बोलताना मी ऐकले आहे. त्याच्या वहीत ही दोन्ही घरे एकाच दोऱ्यात शिवलेली असतात.

माझ्या लहानपणी आमच्या घरी आलेल्या हेळव्याने आजोबांना आमचे मूळ गाव सांगितले होते, ते आजोबांना ठाऊक नव्हते. वडिलांनी त्या प्रकाराला भीक मागण्याची युक्ती म्हणून हसून सोडून दिले, आणि मीही एम. ए. होईपर्यंत तसेच समजत आलो. पुढे मोडी शिकलो. घरच्या ट्रंकेतील एका गहाणखतात पणजोबांच्या नावापुढे तेच गाव निघाले. अर्थात हेळव्याचे सगळेच खरे मानावे असे नाही. यजमान खूश व्हावा म्हणून वरच्या दोन-चार पिढ्यांत तोही एखादा सरदार आणून बसवितो. सात-आठ पिढ्यांपलीकडे त्याचा सूर चढू लागला की मी लेखणी खाली ठेवतो.

त्याच्या वहीतील खरी पोकळी निराळीच आहे. मुलींची नावे तीत बहुधा नसतात. व्हर्जिनियाने १६६२ साली कायदा केला की, मुलाने आईची स्थिती घ्यावी. गुलाम स्त्रीचे मूल गुलाम. त्या क्रूर कायद्यामुळे तेथील गुलामांच्या याद्यांत आईचे नाव हमखास सापडते. आपल्या याद्यांत तेच सापडत नाही. निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, धुरळ्याने खोकणाऱ्या बायकांत सौंदत्तीच्या यल्लमाला सोडलेल्या कितीतरी जणी होत्या. देवदासी सोडण्याला कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी झाली. त्यांची मुले पुढे शाळा-महाविद्यालयांत आली, तेव्हा प्रवेशअर्जातील वडिलांच्या नावाचा रकाना हे त्यांचे पहिले संकट असे. एका महाविद्यालयात प्रवेशाच्या टेबलावर मी बसलो असताना एका मुलाने तो रकाना कोरा ठेवला होता, आणि माझ्या शेजारच्या कारकुनाने सर्वांदेखत त्याला त्याचे कारण विचारले. मी गप्प बसलो होतो. हेळवी त्या मुलाच्या दारात कधी उतरला नसेल. देसायांच्या दप्तरातही त्याच्या आजीचे नाव नसेल. वखारींच्या हजेरीपटावर मात्र ते असणार, आणि ते हजेरीपट अजून कोणी इतिहासाचे साधन म्हणून जपलेले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरचा हेळवी आला तेव्हा मी त्याला विनंती केली की, वही काही दिवस वाचनालयात ठेवा, छायाचित्रे काढून परत देऊ. तो हसला. म्हणाला, "वही तुमच्याकडं ठेवली तर आम्ही काय वाचायचं, मास्तर?" त्याचे म्हणणे रास्त होते, ती वही हेच त्याचे वतन आहे, आणि ते रद्द करणारा कायदा अजून झालेला नाही. त्याचा मुलगा गवंडीकाम करतो, त्याला मोडी येत नाही. अखेर असे ठरले की वही त्याच्याच मांडीवर राहील, तो वाचेल आणि मी लिहून घेईन. आतापर्यंत अकरा घरांच्या कुळ्या उतरल्या आहेत. सतराव्या पानावर पाण्याने शाई पसरली आहे. तेथील दोन नावे त्याला पाठ आहेत, ती मी त्याच्या तोंडून घेतली आणि समासात तसे नमूद केले. माझ्या आत्याचे नाव विचारले तेव्हा त्याने पाने उलटली, पुन्हा मागे गेला, आणि नाही म्हणून मान हलविली. मी ते सांगितले. पण वहीत नाही, माझ्या टिपणात तेवढे लिहिले आहे.