भिंतीवरचा कारभारी

मास्तर वैतागले की छड्या तुटतात, हे आपल्या पिढीला कुणी सांगायला नको. पण मास्तरांच्या वैतागातून एकदा एक शोधही लागला आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचे गाव आहे. तिथल्या अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवीत. थंडी कडाक्याची, भट्टी तळघरात. वर वर्ग किती तापला हे खालच्या माणसाला कळावे कसे? म्हणून एक शिपाई वरचेवर वर्गात येई, तपमापक पाही आणि मग खाली जाऊन झडपांची उघडझाप होई. शिकवणे ऐन रंगात यावे आणि दार उघडावे! दुसऱ्या एखाद्याने शिपायाविरुद्ध अर्ज केला असता. जॉन्सनसाहेबांनी १८८३ साली एका विजेच्या उपकरणाचे पेटंट घेतले. वर्गातल्या तपमानाची खबर आता तळघरातली घंटा देऊ लागली. दोन वर्षांनी, १८८५ साली, मिलवॉकीत साहेबांची कंपनीसुद्धा उभी राहिली. आमच्या शाळेत घंटा वाजली की थंडी-उकाडा विसरून आम्ही पळत सुटत असू. त्यामुळे असला शोध आमच्याकडे लागणे शक्यच नव्हते.

या उपकरणाची कुळी मात्र त्याहून जुनी. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच गृहस्थाने कोंबडीची अंडी उबवण्यासाठी आपली ऊब आपणच सांभाळणारी भट्टी बनवली. म्हणजे या विद्येची पहिली लाभार्थी माणसे नव्हेत, पिले! पुढे १८३० साली अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जखडून केलेल्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. तापल्यावर एक पट्टी जास्त वाढते, दुसरी कमी. वेगळे होण्याची सोय नाही, म्हणून दोघी मिळून वाकतात आणि त्या वाकण्याने झडप हलते किंवा वीज तुटते. संसाराचे सारे शास्त्र या एका पट्टीत आले. आपल्या घरांत ही जोडी शिरली ती इस्त्रीच्या पोटातून. इस्त्रीचा दिवा मधूनमधून विझतो, तो या दोघींच्या वाकण्यानेच.

अमेरिकेत मात्र ती दिवाणखान्याच्या भिंतीवर चढून बसली. १९५३ साली हनीवेल कंपनीने हेन्री ड्रेफस यांच्या हातची एक गोल चकती बाजारात आणली. आत दुहेरी धातूची गुंडाळी, तिच्यावर काचेच्या नळीत पाऱ्याचा थेंब. नळी कलली की थेंब घरंगळतो आणि तारा जुळतात, बस्स! पुढे १९७७ च्या हिवाळ्यात नैसर्गिक वायूचा तुटवडा पडला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले आणि थर्मोस्टॅट दिवसा ६५, रात्री ५५ अंशांवर ठेवा, असे सगळ्या देशाला सांगते झाले. ते अंश फॅरनहाइटचे; आपल्या हिशेबात अठरा आणि तेरा. 'अंगावर शाल घे' हे आमची आजी रोज फुकट सांगत असे. अमेरिकेत त्यासाठी राष्ट्राध्यक्षाला यावे लागले!

या कारभाऱ्याची करणी मी प्रत्यक्ष पाहिली ती न्यू जर्सीत, माझ्या भाच्याकडे. जुना थर्मोस्टॅट काढून त्याने नवा, फोनशी बोलणारा लावला होता. जुलैचा महिना. थंडावा मागितला तर जाळीतून गरम वारा! बरे, खोली तापली की नव्या शहाण्याला वाटे, थंडावा कमी पडला. म्हणून तो यंत्राला आणखी पळवी, आणि खोली आणखी तापे.

भाच्याने गाळणी पाहिली, साफ होती. फ्यूज पाहिला, शाबूत होता. "मामा, पंखा चालतोय, बाहेरचं यंत्रही चालतंय. मग बिघडलंय काय?"

"सगळं चालतंय, पण उलटं चालतंय," मी म्हटलं. "जुन्याच्या तारा कशा होत्या?"

त्याने काढण्याआधी फोटो घेऊन ठेवला होता, हे त्याचे शहाणपण. त्या फोटोत नारिंगी तार 'बी' अक्षराखाली होती. त्याच्या घरी ऊब आणि थंडावा दोन्ही एकाच हीट पंपातून येतात. दिशा बदलायची ती एका झडपेने. बऱ्याच यंत्रांत या झडपेला थंडाव्याच्या वेळी वीज द्यायची असते, तिला 'ओ' म्हणतात. काही यंत्रांत उबेच्या वेळी द्यायची, ती 'बी'. नव्या थर्मोस्टॅटने न विचारता 'ओ' धरले होते. भाच्याने पडद्यावर अक्षर बदलले आणि सुनेने लगेच जाळीला हात लावला.

"कुठे काय? अजून गारच नाही!"

"पाच मिनिटं थांब गं," तो म्हणाला. कॉम्प्रेसर बंद केल्यावर त्याला थोडी विश्रांती द्यावी लागते, नाहीतर तो बिघडतो. म्हणून थर्मोस्टॅटच त्याला काही मिनिटे रोखून धरतो. पाच मिनिटांनी गार झुळूक आली. एक पैचा सुटा भाग लागला नाही.

मला त्या दिवशी व्हाइटवॉटरच्या शिपायाची फार आठवण आली. तपमापक त्यालाही वाचावा लागे, पण वर्गात पाऊल टाकताच उकाडा त्याच्याही अंगाला लागत असणार. घाम पुसणाऱ्या पोरांवर आणखी ऊब सोडण्याची त्याची छाती झाली नसती. भिंतीवरच्या कारभाऱ्याला आकडा बिनचूक कळतो. आपल्या हुकुमाने तो चढतोय की उतरतोय, याची त्याला लाज ना खंत. म्हणून कारभारी कितीही हुशार ठेवावा, पण अधूनमधून जाळीला हात लावून पाहण्याचे काम मालकाने सोडू नये. घाम शेवटी मालकालाच येतो.