चार पाकिटांपासून परदेशापर्यंत

बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो : आपला माल तालुक्याबाहेर कोण घेणार? म्हणून आज लिज्जत पापडाचा इतिहास सांगते.

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पैसे देणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा. सुरुवातीला बायका भारी आणि स्वस्त असे दोन प्रतींचे पापड करत. बाप्पांनी बजावलं : एकच प्रत ठेवा, चांगली. हिशोब चोख ठेवा. तोटा आला तरी देणगी मागायची नाही, हे बायकांनी स्वतःच सुरुवातीपासून ठरवलं होतं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, काम चार महिने बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह!

१९६६ मध्ये संस्थेची नोंदणी झाली. तिथे काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण, नफ्यातोट्याची वाटेकरी. पीठ केंद्रात मळतात, बहिणी घरी नेऊन लाटतात, परत देताना तपासणी होते. म्हणून हजारो हातांच्या पापडाची चव एकच. आज तो परदेशातही विकला जातो.

ही शिस्त परदेशी गिऱ्हाइकासाठी आली नाही, ती चार पाकिटांपासूनची आहे. आपल्या मसाल्याची एक खेप तिखट, दुसरी फिकी होत असेल, तर पुढच्या बैठकीत आधी माप ठरवूया आणि ते वहीत लिहूया.