पदर खोचून कवायत

पंधरा ऑगस्टला शाळेच्या पटांगणात आपल्या पोरी कवायत करतात. आज आम्ही अशाच एका कवायतीची गोष्ट सांगणार आहोत. साल १९४३, गाव सिंगापूर.

त्या जुलैत नेताजी सुभाषचंद्र बोस बायकांच्या सभेला येणार होते. डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन यांनी वीसेक जणी गोळा केल्या. नेताजींना बंदुकीनिशी मानवंदना द्यायची होती. बंदुका आझाद हिंद सेनेच्या जवानांकडून मागून आणल्या. एकेक चार किलोच्या आसपास! पांढऱ्या साड्या नेसूनच त्या उभ्या राहिल्या.

त्यातूनच झाशीची राणी पलटण उभी राहिली. २२ ऑक्टोबरला तिचं शिबिर सुरू झालं. नाव आपल्या लक्ष्मीबाईंचं, पण भरती झालेल्या पुष्कळ जणी मलायातल्या रबराच्या मळ्यांवरच्या तमिळ मजूर. कित्येकींनी भारत डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. साडी जाऊन खाकी पँट-शर्ट आला. झेंड्याला सलामी, मग संचलन, बंदूक, संगीन.

पलटण ब्रह्मदेशापर्यंत गेली. पण आघाडीवर जायच्या आतच सैन्याला माघार घ्यावी लागली. म्हणून कोणी म्हणतं, ‘त्या लढल्या कुठे?’

आम्हाला हा हिशेब अपुरा वाटतो. मळ्यात जिनं आयुष्यभर दुसऱ्याचा हुकूम मान खाली घालून ऐकला, ती आता मान ताठ ठेवून, स्वतः निवडलेल्या कामासाठी पाऊल टाकत होती. पहिली लढाई तिनं तिथेच जिंकली होती.

तुमची मान पहिल्यांदा कधी ताठ झाली, बायांनो? गटाच्या बैठकीत जरूर सांगा.