मढीमहाल ते आर्थर सीट : अर्ध्या दिवसाच्या एका वाटेचा इतिहास

उन्हाळ्यांत महाबळेश्वरास जाऊन आलेल्या श्रोत्यांपैकीं 'आर्थर सीट' न पाहतां परतलेले फारच थोडे असतील. पेठेपासून तो कडा आठ मैलांच्या आसपास आहे. पहांटे निघावें, वाटेंत क्षेत्र महाबळेश्वरीं देवदर्शन घ्यावें, झाडींतून वळणें घेत कड्याच्या टोंकाशीं पोहोंचावें, वाऱ्यावर टोपी किंवा वाळलेलें पान सोडून तें परत वर येतांना पाहावें, आणि दुपारच्या जेवणास मुक्कामीं परतावें, असा हा अर्ध्या दिवसाचा ठराविक कार्यक्रम आहे. आज तो मोटारींतून होतो. एकोणिसाव्या शतकांत घोड्यावरून, पालखींतून किंवा पायीं होत असे. वाहन बदललें, पण कार्यक्रम बदलला नाहीं, आणि त्यामुळें तो फार प्राचीन असावा असें सहज वाटतें. वस्तुतः डोंगराच्या टोंकाशीं केवळ पाहण्याकरितां जावयाचें, आणि पाहून झालें कीं परत फिरावयाचें, ही कल्पनाच या डोंगरांत नवी आहे. तिचा आरंभ केव्हां झाला हें बऱ्याच अंशीं सांगतां येतें.

त्यापूर्वीं या पठारावर माणसें येत नव्हतीं असें नाहीं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचा उगम येथें मानिला जातो. तेथील देवालय यादव राजा सिंघण यानें बांधविलें अशी परंपरा आहे, आणि शिवाजीमहाराजांनीं याच क्षेत्रीं मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुला केल्याची कथा घरोघरीं ठाऊक आहे. परंतु यात्रेकरूची दृष्टि होती ती पाण्याकडे. गोमुखांतून पडणारी धार त्यानें ओंजळींत घेतली कीं त्याचा प्रवास सफळ झाला. कड्यावरून खालचें कोंकण कसें दिसतें, हा त्याच्या पुण्याईचा भाग नव्हता.

दुसरी दृष्टि शिपायाची. इ.स. १६५६ मध्यें जावळी मोऱ्यांकडून स्वराज्यांत आली आणि भोरप्या डोंगरावर मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखालीं प्रतापगड उभा राहिला. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं त्याच्या पायथ्याशीं अफजलखानाचा वध झाला. खानाचें सैन्य ज्या वाटेनें खालीं उतरलें, ती रडतोंडीचा घाट म्हणून प्रसिद्ध आहे. चढणाराचें तोंड रडवें करणारा घाट, एवढा अर्थ त्या नांवांतच आहे. गंमत अशी कीं, पुढें इंग्रज प्रवाशांनीं या नांवाचें 'रोटुंडा' करून टाकलें, आणि रडकुंडीस आणणाऱ्या वाटेस एखाद्या घुमटाकार दिवाणखान्याचा डौल आला! असो. या मुलखांतील शिपाई दूरवर पाहत असे हें खरें, पण तो शत्रूची धूळ पाहत असे. चौकी, मेट, बुरूज, खिंड, हे त्याचे शब्द. नुसत्या शोभेसाठीं पाहण्याची जागा, या अर्थाचा शब्द मराठींत रूढ नव्हता. म्हणूनच 'पॉइंट' हा परका शब्द आपण जसाच्या तसा उचलला आणि अजून वापरतों.

तिसरी दृष्टि येथेंच राहणाऱ्यांची. कोळी, कुणबी, धनगर आणि लोखंड गाळणारे धावड या रानांत पिढ्यान् पिढ्या राहत आले. त्यांना गवत कोठें, मध कोठें, लोहमिश्रित दगड कोठें, हें ठाऊक होतें. आणि कड्यांना नांवें दिलीं तीं त्यांनींच. आज ज्याला आर्थर सीट म्हणतात त्याचें जुनें नांव मढीमहाल. केट्स पॉइंट म्हणजे नाकिंदा. विल्सन पॉइंट, जें या पठारावरील सर्वांत उंच ठिकाण, तें सिंदोळा. याची उंची ४,७१० फूट असून गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास विसाव्या शतकांत मिळालें. म्हणजे सिंदोळा हें नांव तेव्हांपर्यंत तरी साहेबांच्याही तोंडीं टिकून होतें.

आतां सन १८२४ कडे वळूं. त्या वर्षीं साताऱ्याच्या फौजेंतील अधिकारी पीटर लॉडविक हा झाडी तुडवीत या पठारावर चढला आणि हिंडत हिंडत एका अरुंद सोंडेच्या टोंकाशीं आला. त्याच्या कुत्र्यावर श्वापदानें झडप घातली, अशीही एक हकीकत सांगण्यांत येते. ज्या टोंकाशीं तो पोहोंचला त्यास पुढें सिडने पॉइंट म्हणूं लागले व नंतर लॉडविक पॉइंट. तो १८७३ सालीं फ्रान्समध्यें नव्वदाव्या वर्षीं वारला. त्यानंतर त्याच्या मुलानें तेथें स्मारकस्तंभ उभारला. या टेकड्यांवर पाऊल ठेवणारा तो युरोपियनांत पहिला, अशा आशयाचा मजकूर त्यावर आहे. 'युरोपियनांत' हा शब्द घालण्याचें भान राहिलें, हें बरेंच म्हणावयाचें.

पण याच लॉडविकची दुसरी एक हकीकत त्या स्तंभावर नाहीं. पुढें तो साताऱ्यास रेसिडेंट झाला. छत्रपति प्रतापसिंह यांच्यावर कंपनी सरकारविरुद्ध फितुरीचा आरोप आला, तेव्हां १८३६ सालीं चौकशीस जें कमिशन बसलें, त्यांत विलोबी आणि ओव्हान्स यांच्यासह लॉडविकही होता. त्या चौकशीपासून जें चक्र सुरू झालें त्याचा शेवट १८३९ मध्यें महाराजांच्या पदच्युतींत व काशीच्या हद्दपारींत झाला. १८४७ मध्यें ते तेथेंच निवर्तले. लॉडविकचें मन मात्र त्यास खाऊं लागलें असावें. विलायतेस गेल्यावर तो महाराजांच्या बाजूनें बोलला, आणि त्या चौकशींतील आपल्या वर्तनाबद्दल त्यानें खेद दर्शविला. कंपनीच्या नोकरींतील मनुष्यानें असें बोलून दाखविणें हें सोपें नव्हे. त्याच्या आयुष्यांतील अधिक कठीण चढण कोणती, सिडने पॉइंटची कीं ही, याचा निवाडा ज्याचा त्यानें करावा.

लॉडविकच्या मागोमाग १८२६ मध्यें रेसिडेंट ब्रिग्ज यानें येथें राहण्यास घर बांधलें, आणि महाराजांनीं साताऱ्याहून रस्ता करविला. १८२८ सालीं मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें गोऱ्या शिपायांसाठीं आरोग्यभुवन काढलें. दुसऱ्याच वर्षीं कंपनीनें खंडाळा गांव देऊन महाराजांकडून ही जागा घेतली. वस्ती झाली तिला माल्कमपेठ असें नांव पडलें. आतां एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. माल्कमची पेठ, लॉडविकचें टोंक, एल्फिन्स्टनचा कडा, माल्कमच्या कन्येच्या नांवें केट्स पॉइंट; पण ज्यांनीं जागा दिली आणि रस्ता बांधविला, त्या प्रतापसिंहांच्या नांवाचा कडा प्रवाशांच्या फेरींत नाहीं. त्यांचे बंधु आप्पासाहेब महाराज यांनीं १८४२ सालीं वेण्णा तलाव बांधविला, पण त्यासही नदीचेंच नांव राहिलें. चीन व मलाया इकडून आणिलेले कैदी येथील तुरुंगांत होते. बटाटे व भाजीपाला पिकविण्यांत त्यांचा मोठा हात होता. त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव कोणास ठाऊक नसलें, तरी त्यांच्या मळ्याजवळच्या धबधब्यास 'चायनामन' म्हणतात. नांव नाहीं तर जात तरी राहिली!

या सर्व नांवांत आर्थर सीट या नांवाची कथा सर्वांत हृदयद्रावक आहे. ती समजण्यास तेव्हांची प्रवासाची वाट आधीं समजली पाहिजे. बोरघाटांतून पुण्यापर्यंत आगगाडी १८६३ मध्यें सुरू झाली. त्यापूर्वीं मुंबईहून महाबळेश्वरास येण्याचा एक मार्ग समुद्रानें असे. बाणकोटपर्यंत जहाज, तेथून सावित्रीच्या खाडींतून होडीनें महाडच्या बाजूस, आणि पुढें भोयांच्या खांद्यावर पालखींत पारघाटाची चढण. पुढें पुणें-वाई-पांचगणी ही टांग्याची वाट सोयीची झाली आणि १८७० नंतरच्या दशकांत फिट्झजेरल्ड घाटाचा रस्ता झाला, तेव्हां ती जुनी चाल मागें पडली. परंतु मढीमहालच्या कड्यावरून खोल दरींत जी सावित्री दिसते, ती त्या काळच्या साहेबांस नुसती शोभेची रेघ नव्हती; आपण जेथून आलों आणि जेथून परत जाणार, ती ती वाट होती.

आर्थर मॅलेट हा मुंबई इलाख्यांतील मुलकी अधिकारी. त्याचा बाप सर चार्ल्स मॅलेट हा सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत पेशव्यांच्या दरबारीं इंग्रजांचा वकील होता; आणि धाकटा भाऊ ह्यू मॅलेट, ठाण्याचा कलेक्टर असतांना, १८५० सालीं माथेरानच्या डोंगरावर चढला व त्या गिरिस्थानाचा पाया घातला. आर्थरनें मढीमहालच्या कड्याशीं घर बांधलें; तेथें घर बांधणारा तो पहिलाच. १८५३ मध्यें त्याची पत्नी आणि तान्ही मुलगी बाणकोटजवळ सावित्रीच्या मुखाशीं होडी उलटून बुडाल्या. त्यांच्याबरोबर होडीवरचे खलाशीही बुडाले. त्यानंतर आर्थर या कड्यावर तासन् तास बसून खालच्या नदीकडे पाहत राही, आणि म्हणून ही 'आर्थरची बैठक', असें आजचे वाटाडे सांगतात.

ही कथा ऐकतांना ऐकणाराचें मन भरून येतें, पण इतिहासाच्या अभ्यासकास थोडें थांबावें लागतें. बुडण्याची घटना खरी आहे. बाणकोटास त्याची स्मारकशिला आहे. घराचीही गोष्ट खरी. मात्र स्कॉटलंडांतील एडिंबर्ग शहरास लागून एक खडकाळ टेकडी आहे, आणि तिचें नांव नेमकें आर्थर सीट असेंच आहे. माल्कम स्कॉटलंडचा, एल्फिन्स्टनही तिकडचाच. त्यांच्या भोंवतालच्या मंडळींत स्कॉच लोकांचा भरणा होता. परक्या डोंगरांत घरच्या टेकडीची आठवण होऊन कोणी तें नांव उच्चारलें असेल, आणि योगायोगानें तेथें घर बांधणाराचें नांवही आर्थरच असल्यानें तें पक्कें झालें असेल, हें अशक्य नाहीं. दुःखाची कथा मग त्या नांवास मागाहून येऊन चिकटली, असें मानण्याकडे मन झुकतें. लोककथेची रीतच अशी आहे कीं तिला बैठक दिसली म्हणजे बसणारा लागतो, आणि बसणारा मिळाला म्हणजे त्याला रडण्याचें कारण लागतें. तरीही येथें कारण मात्र तिनें कल्पनेंतून आणलेलें नाहीं.

त्या कड्याची जागाच अशी आहे कीं तिला कथा हवीच. डाव्या हातास सावित्रीची भयानक खोल दरी आणि तिच्यापलीकडे कोंकण. उजव्या हातास जोरचें खोरें, ज्याला जुने लोक ब्रह्मारण्य म्हणत. मधली धार इतकी चिंचोळी कीं दोन्ही बाजू एकाच नजरेंत येतात. या धारेच्या पश्चिमेस पडलेला पावसाचा थेंब सावित्रींतून सत्तर मैलांच्या आंत बाणकोटच्या समुद्रास मिळतो. पूर्वेस पडलेला कृष्णेबरोबर सुमारें ८७० मैलांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास जातो. निरभ्र दिवशीं तोरणा, रायगड अशा गडांचीं शिखरें दिसतात. टोपी परत येण्याची मौज हीही जागेचीच करणी. पश्चिमेचा वारा सरळ कड्यावर आदळतो आणि वाट नसल्यामुळें वर चढतो, तोच हलक्या वस्तूस वर आणतो. टोपी परत आली नाहीं तर मात्र वाटाड्यास दोष देऊं नये.

इतक्या दूर येण्याचें काम त्या काळीं कोणाच्या पायांवर होत असे, हेंही सांगितलें पाहिजे. इंग्रजांनीं आपल्या पत्रांत व पुस्तकांत सूर्योदयाचे रंग, नेच्याचे प्रकार, झऱ्यांचा गारवा यांचीं वर्णनें भरपूर केलीं आहेत. पालखी उचलणारे भोई, घोड्यापुढें धांवणारे मोतद्दार, फराळाची पेटी डोक्यावर घेऊन अंधारांत पुढें गेलेले हमाल, यांचा उल्लेख आलाच तर भाड्याच्या दराच्या संबंधांत येतो. साहेब कड्यावर बसून चहा घेत असतां भोई वाघाच्या पाण्याशीं, म्हणजे वाटेंतल्या त्या झऱ्याशीं, बसून भाकरी सोडीत असतील. तो झरा अद्याप आहे, आणि त्याचें नांव कोणीं बदललेलें नाहीं. इंग्रजांनींही केवळ भाषांतर करून 'टायगर स्प्रिंग' म्हटलें.

मराठी माणसानें या कड्यांकडे प्रवासी म्हणून पाहण्यास सुरुवात केली ती यानंतर. शहरांतील सुशिक्षित कुटुंबें उन्हाळ्याच्या सुटींत येऊं लागलीं, आणि इतिहाससंशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं महाबळेश्वरावर स्वतंत्र ग्रंथ लिहून क्षेत्राचा, छत्रपतींच्या कारकीर्दीचा व पेठेचा वृत्तांत एकत्र केला. त्या सहलींत देवदर्शन आणि पॉइंट यांची सांगड आपोआप पडली. जुना यात्रेकरू जेथें थांबे, तेथें नवा प्रवासी घडीभर थांबतो, तीर्थ घेतो, आणि पुढें कड्याकडे जातो.

पावसाळ्यांत ही वाट बंदच असल्यासारखी होते. वर्षास दोनशें इंचांवर पाऊस पडणाऱ्या या पठारावर जूनच्या मध्यापासून साहेबांचे बंगले रिकामे होत. मग मढीमहालच्या कड्यावर धुक्याखेरीज कोणी नसे, आणि खालीं सावित्री लाल पाण्यानें भरून बाणकोटाकडे धांवत असे.