पिवळ्या पानांचे निदान

कळमेश्वर-काटोलकडच्या ज्या बागाइताने नागपुरी संत्र्याचे नाव मुलूखभर केले, त्याची मूळ रोपे अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजीराजे भोसले यांनी औरंगाबादेहून आणविली, अशी परंपरा आहे. परंतु रोपांबरोबर त्यांच्या दुखण्यांचे दप्तर काही आले नाही, आणि झाड पिवळे पडले म्हणजे शेणखताची आणखी एक पाटी बुंध्याशी रिकामी करावी, हाच हाताशी असलेला इलाज होता.

पान पाहून उपासमार ओळखण्याची विद्या मूळची द्राक्षवेलीकडून आलेली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८४० मध्ये वनस्पतींच्या खनिज पोषणाचा सिद्धान्त मांडला, त्यानंतर तीन-चार वर्षांतच फ्रान्समध्ये इझेब ग्री याने पांढुरक्या पडलेल्या द्राक्षपानांस लोहक्षाराचे द्रावण लावून ती पुन्हा हिरवी करून दाखविली. जस्त वनस्पतीस अपरिहार्य आहे, हे सिद्ध व्हावयास मात्र १९२६ साल उजाडावे लागले. पुढच्या दशकात कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय बागांतील पानांचा जुनाट चट्टेरी पिवळेपणा याच धातूच्या फवाऱ्याने हटला.

या विद्येचे मर्म असे, की नत्र आणि मॅग्नेशियम जुन्या पानांतून निघून कोवळ्या शेंड्याकडे जातात, म्हणून त्यांची टंचाई खालच्या पानांवर दिसते. लोह आणि जस्त सहसा हलत नाहीत, म्हणून त्यांची तक्रार शेंडाच करतो. लोह कमी असता कोवळ्या पानावर हिरव्या शिरांचे बारीक जाळे उरते. जस्त कमी असता पाने आखूड, अरुंद होऊन एकमेकांस चिकटून येतात. विदर्भाच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह थोडके नाही, पण विम्लतेमुळे ते मुळांस मिळत नाही. जस्ताचीही तीच गत, म्हणूनच ते मातीत टाकण्याऐवजी लिटरमागे पाच ग्रॅम झिंक सल्फेट, त्याच्या निम्मा चुना, असे पानावरच फवारण्याची रीत पडली.

डोळ्याच्या साक्षीस पुढे प्रयोगशाळेचे पाठबळ मिळाले: द्राक्षाला एप्रिल छाटणीनंतर पंचेचाळिसाव्या दिवशी पाचव्या पानाचे देठ, संत्र्याला फळ नसलेल्या फांदीवरील सहा-सात महिन्यांची पाने तपासली जाऊ लागली. दारच्या एकुलत्या वेलीसाठी वा झाडासाठी एवढा खटाटोप कोण करणार, हे खरे. तेथे डोळाच मुनसफ. मात्र त्या मुनसफाने निकालापूर्वी बुंध्याशी माती उकरून पाहावी, कारण डिंक्या रोगाने संत्र्याची साल कुजली असली, तरीही पाने पिवळीच पडतात, आणि मग जस्ताचा सारा खर्च पाण्यात जातो.