संसदीय आणि अध्यक्षीय शासनपद्धती

लोकशाहीत कारभार कोणी, कोणाच्या पाठिंब्यावर आणि किती काळ चालवायचा, या प्रश्नाची दोन प्रमुख उत्तरे. संसदीय पद्धतीत पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ कायदेमंडळातून येते आणि तिथले बहुमत असेतोवरच अधिकारावर राहते. अध्यक्षीय पद्धतीत राष्ट्राध्यक्षाची निवड कायदेमंडळाहून वेगळी होते, त्याची मुदत ठरलेली असते आणि त्याचे मंत्री कायदेमंडळाचे सदस्य नसतात. पहिलीचा नमुना ब्रिटन, दुसरीचा अमेरिका. मराठीत ‘अध्यक्ष’ म्हणजे सभागृहाचे कामकाज चालवणाराही आणि अमेरिकेचा सत्ताधीशही, त्यामुळे वाचताना घोटाळा होतो. भारताचा राष्ट्रपती मात्र नाव भारदस्त असले तरी संसदीय व्यवस्थेतला नामधारी प्रमुख आहे.

दोन्ही पद्धतींची खरी पारख सत्ताधाऱ्याला निवडताना होत नाही, त्याला घालवताना होते. ब्रिटनमध्ये २०२२ या एका वर्षात बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक असे तीन पंतप्रधान झाले, तेही सार्वत्रिक निवडणूक न होता. भारतात १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७०, म्हणजे अवघ्या एका मताने पडले. अमेरिकेत अध्यक्षाला मुदतीआधी काढायचे तर महाभियोग हाच मुख्य मार्ग. अँड्र्यू जॉन्सन (१८६८), बिल क्लिंटन (१९९८) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९ व २०२१) यांच्यावर तो चालला, पण सिनेटने एकालाही दोषी ठरवले नाही. रिचर्ड निक्सन गेले ते १९७४ मध्ये, महाभियोगाचे मतदान होण्याआधी स्वतः राजीनामा देऊन.

स्थैर्य हा अध्यक्षीय पद्धतीचा मोठा गुण. सरकार सकाळी आहे, संध्याकाळी असेल की नाही, ही धाकधूक तिथे नसते. तज्ज्ञ माणूस निवडणूक न लढवताही मंत्री होऊ शकतो. पण याच स्थैर्याच्या पोटात कोंडी दडलेली असते. अध्यक्ष एका पक्षाचा आणि कायदेमंडळ दुसऱ्याचे झाले, तर कौल दोघांकडेही असतो आणि हटायला कोणीच तयार नसते. अमेरिकेत डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात सीमेवरच्या भिंतीच्या खर्चावरून सरकारचा काही भाग ३५ दिवस बंद राहिला. चिलीत परिणाम फार भयंकर झाला. साल्वादोर आयेंदे १९७० मध्ये जेमतेम ३६ टक्के मतांवर अध्यक्ष झाले, तिथले कायदेमंडळ विरोधात गेले आणि १९७३ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. या उठावामागे इतरही कारणे होती, पण संसदीय मार्गाने सुटू शकणारा पेच अध्यक्षीय चौकटीत अडकून बसतो, हा हुआन लिंझ या राज्यशास्त्रज्ञाने १९९० मध्ये मांडलेला मुद्दा अशा उदाहरणांवरच उभा आहे.

संसदीय पद्धतीचे दुखणे उलट जातीचे. फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकात (१९४६–५८) बारा वर्षांत वीसहून अधिक सरकारे आली-गेली. शेवटी द गॉल यांनी १९५८ मध्ये बलवान राष्ट्राध्यक्ष आणि संसदेला जबाबदार पंतप्रधान अशी मिश्र घडी बसवली. जर्मनीने अधिक नेमका उपाय काढला : नवा चॅन्सलर बहुमताने निवडल्याशिवाय जुन्याला काढता येत नाही. या तरतुदीने आजवर एकच सत्तांतर घडले, १९८२ मध्ये हेल्मुट श्मिट जाऊन हेल्मुट कोल आले. भारताने औषध शोधले ते पक्षांतरबंदीचे (१९८५). घाऊक पक्षांतराला मात्र त्याने आळा बसला नाही. महाराष्ट्राला २०२२ नंतर हे वेगळे सांगायला नको.

भारतापुढे ही निवड उघडपणे मांडली ती डॉ. आंबेडकरांनी. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांचे म्हणणे असे होते की, स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकेत सत्तेचा हिशेब मुदतीनंतर होतो, संसदीय पद्धतीत प्रश्न, ठराव आणि चर्चा यांतून तो रोजही होतो. मसुद्याने म्हणून जबाबदारीला झुकते माप दिले. पुढे वसंत साठे यांच्यासारख्यांनी अध्यक्षीय पद्धतीचा आग्रह धरला, पण संसदेने तो कधी मनावर घेतला नाही.

दोन्हींचे कलम करण्याचे प्रयोग जपूनच पाहावेत. इस्रायलने १९९६ पासून पंतप्रधान थेट जनतेतून निवडला. मतदारांनी एक मत पंतप्रधानाला आणि दुसरे आवडत्या छोट्या पक्षाला दिले, संसद आणखी विखुरली आणि २००१ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. महाराष्ट्रात हाच प्रश्न गावपातळीवर दिसतो. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून आला, २०२० मध्ये ती तरतूद रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. अशा सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला तरी ग्रामसभेचे शिक्कामोर्तब लागते. सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचे असले की मासिक सभेत काय होते, हे समजायला वॉशिंग्टनला जावे लागत नाही.